यूराबीच्या अर्ध्या मोडेमाची मोहीम

शके एकोणीसशे तेवीस, फाल्गुन मास, इंग्रजी सन दोन हजार दोन, मार्च महिना. दक्षिण ऑस्ट्रेलिया प्रांती, मॅली मुलखी, मौजे यूराबी, वस्ती माणूस एकशे एकसष्ट व मेंढरे बेहिसाब, येथील फुटबॉल क्लबाचे सरकारी लॅपटॉपात मोडेम जागा जाहला तो कैसा, त्याची हकीकत. ऐकणारांनी पाय पसरून ऐकावी. लिहिणार क्लबाचे गुणफलकावर आकडे टांगणारा सेवक. आमचा खेळ ऑस्ट्रेलियन रीतीचा फुटबॉल, एका गोलास सहा गुण; परंतु आमचा संघ गोल फारसे मारीत नाही, सबब लिहावयास फुरसत मुबलक. जे डोळां देखिले ते लिहिले, जे नाही देखिले ते ग्वेंडाबाईंनी सांगितले, आणि त्यांची याद दप्तराहून पक्की, तेव्हा शंका न घ्यावी.

त्या समयी क्लबाचे तख्ती अध्यक्ष लोथार नोस्के विराजमान होते. चौदा जातिवंत एडक्यांचे धनी, देह धिप्पाड, बोलणे वर्षाकाठी दोनशे शब्द. चिटणिशी त्यांचे कुटुंब ग्वेंडाबाई यांजकडे. बाईंनी लग्नाआधी अकरा वर्षे टेलिफोन एक्स्चेंजात बसून साऱ्या मुलखाच्या तारा जोडिल्या होत्या, आणि कोण कोणाशी काय बोलले हे पोटात ठेविले होते, म्हणून गाव त्यांस वचकून असे. तिसरे मुत्सद्दी तिबोर हालास, सायलोवरील, म्हणजे धान्याचे कोठारावरील, काट्याचे कारकून, मूळ हंगेरी मुलखीचे. कोवळ्या वयात रस्त्यात रणगाडे पाहून देश सोडिला, आणि तेव्हापासून वरून आलेला कोणताही हुकूम मानणे नाही ऐसी आण वाहिली. ही आण त्यांनी संगणकापर्यंत नेली. जानेवारीत क्लबाचे लॅपटॉपास विषाणूंनी घेरून जमीनदोस्त केले, तेव्हा तिबोरांनी जुनी प्रणाली समूळ उखडून तेथे लिनक्स नामे मुक्त राज्य स्थापिले. या राज्यात धनी कोणी नाही. जगभरची रयतच कारभार करिते, आणि काही मोडल्यास रयतेनेच दुरुस्त करावे ऐसा रिवाज.

त्या मुलखी जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा, खेळ बंद; तेव्हा क्लबास पत्र लिहितो कोण? सबब मोडेम, म्हणजे टेलिफोनचे तारेवरून संगणक इंटरनेटास जोडणारे यंत्र, चालतो की नाही हे दोन महिने कोणी पाहिले नाही.

मग सोमवारी पार्नीलाहून फर्मान आले. पार्नीला म्हणजे बेचाळीस किलोमीटरांवरील पिढीजात वैरी. तेथील रेक्स ट्रेलोर हे लीगचे कारभारी होऊन बसले होते. मजकूर ऐसा की, यंदापासून खेळाडूंची यादी कागदावर घेणे नाही, ईमेलानेच धाडावी. तीही क्लबाचे नोंदलेल्या पत्त्यावरून, क्लबाचे स्वतःचे टेलिफोन जोडणीवरून. आणि शुक्रवारी सायंकाळी पाच वाजेतो न पोहोचल्यास, तो क्लब यंदा मैदानात उतरत नाही ऐसे समजून त्याचे खेळाडू पार्नीलाचे संघात सामील करावे.

ग्वेंडाबाईंनी हे स्वयंपाकघरात वाचून दाखविले. लोथारांनी चहाचा मग खाली ठेविला.

"म्हणजे क्लब गिळणार."

"गिळणार असं लिहिलं नाहीये. सामील असं लिहिलंय."

"कोल्हा कोंबडीला सामीलच करतो."

हे लोथारांचे त्या महिन्याचे सर्वांत लांब भाषण. आणि ते खोटे नव्हते. यूराबीची शाळा गेली, बँक गेली, आगगाडी थांबेनाशी जाहली. उरले होते दारूचे एक दुकान आणि हा क्लब. शनिवारी मैदान नसते तर शेतकरी माणसाने शेजाऱ्याचे तोंड पाहावे कोठे? बाई त्या रात्री झोपल्या नाहीत ऐसे त्या सांगत नाहीत, परंतु सकाळी तीन केक भाजून तयार होते.

मंगळवारी तिबोर क्लबात आले. लॅपटॉप उघडिला, तार भिंतीत खोविली, आणि यंत्रास विचारिले की मोडेम कोठे आहे. यंत्राने उत्तर दिले की ऐसा कोणी इसम येथे राहत नाही. तिबोरांनी पुन्हा पुन्हा विचारिले, हंगेरी भाषेतही विचारिले. यंत्र बधेना.

"ग्वेंडा, हा अर्धाच मोडेम आहे," तिबोर म्हणाले.

"अर्धा म्हणजे?"

"कारखानदारांनी अर्धं काम लोखंडात ठेवलं, आणि उरलेलं सॉफ्टवेअरमध्ये. ते सॉफ्टवेअर जुन्या प्रणालीबरोबर गेलं. आता आत बसलंय ते नुसतं धड."

"मग धडाला मुंडकं आण. अर्धी कोंबडी घरी आणून तू तिच्याकडून अंडी मागतोयस."

"त्याला ड्रायव्हर म्हणतात. आपल्यासारख्याच चार लोकांनी फुकट लिहून ठेवलाय."

"कुठे ठेवलाय?"

तिबोर भिंतीत खोविलेल्या तारेकडे पाहू लागले. "इंटरनेटवर," म्हणाले.

येथे ऐकणारांनी ध्यानी घ्यावे की ड्रायव्हर म्हणजे गाडी हाकणारा मनुष्य नव्हे. प्रणाली आणि मोडेम यांजमध्ये बोलणी करणारा दुभाषी होय. आणि पेच ऐसा की दुभाष्याविना इंटरनेटचा दरवाजा उघडेना, आणि दुभाषी तर दरवाजाआड बसलेला. कुलूप बाहेर आणि किल्ली आत. मग तिघांचे खलबत जाहले आणि ठरले की दुभाषी शत्रूचे मुलखातून उचलून आणावा. पार्नीलाचे ग्रंथालय आठवड्यातून एकवार, बुधवारी सकाळी उघडत असे, आणि तेथे इंटरनेट होते. यादी तेथून धाडणे फर्मानाने बंद. परंतु ड्रायव्हर आणू नये ऐसे कलम लिहिण्याचे रेक्स ट्रेलोरांस सुचले नव्हते.

बुधवारी तिघेही लोथारांचे पिकअपात बसून कूच करते जाहले. उष्मा चव्वेचाळीस अंश. पार्नीलाची वेस येताच लोथारांनी क्लबाची टोपी उतरवून आसनाखाली दडविली. ग्रंथालयात तिबोरांनी दुभाष्याचे गाठोडे फ्लॉपीवर उतरविले, आणि मनुष्य शंकेखोर, म्हणून दुसऱ्या फ्लॉपीवरही उतरविले. त्यासोबत 'हे आधी वाचा' नामे नऊ पानी कागद होता, तो बाईंनी छापून घेतला.

"तो कशाला? मी सव्वीस वर्षं संगणक उघडतोय," तिबोर म्हणाले.

"आणि बंद कोण करतं? छाप म्हटलं ना."

इतक्यात खासे रेक्स ट्रेलोर मासिक बदलावयास आले, आणि यूराबीचे तिघे मुत्सद्दी पाहून त्यांचे मुख उजळले.

"काय ग्वेंडा! आमचं इंटरनेट कसं वाटलं?"

"पाणचट. तुमच्या बचावफळीसारखं."

"शुक्रवारी पाच, बरं का. मी घड्याळ लावून बसणार आहे."

"बस की. तुला बसण्याचा चांगला सराव आहे."

ऐसे जाबसाल होऊन फौज माघारी फिरली. परंतु लोथारांनी एक फ्लॉपी गाडीचे पुढील काचेशी उन्हात ठेविली होती. यूराबी येईतो ती तव्यावरील पापडासारखी वळली. बाईंनी नवऱ्याकडे पाहिले. त्या पाहण्याचे वर्णन करण्यास शब्द अपुरे. दुसरी फ्लॉपी बाईंचे पिशवीत पेपरमिंटांमध्ये सुखरूप होती, आणि तीवर मोहीम तगली.

मग गुरुवारी ड्रायव्हराची बांधणी आरंभिली. बांधणी म्हणजे जगभरच्या रयतेने लिहिलेला मजकूर आपल्या यंत्राजोगा घडवून घेणे. तिबोरांनी हुकूम सोडिला आणि पडद्यावर अक्षरांचा लोंढा आला, आणि अखेरीस यंत्राने कळविले की प्रणालीचा मूळ मजकूर मिळाल्याविना बांधणी होणे नाही; तो लिनक्साचे दुसऱ्या सीडीवर आहे.

"दुसरी सीडी कुठाय?" बाईंनी विचारिले.

तिबोरांनी मान खाली घातली. "जर्दाळूच्या झाडावर."

वर्तमान ऐसे की डिसेंबरात गुलाबी काकाकुवांनी तिबोरांचे जर्दाळू फस्त करण्याचा घाट घातला होता, आणि चकाकत्या वस्तूंस पाखरे भितात म्हणून त्यांनी नको त्या सीडी झाडास टांगिल्या होत्या. लिनक्साच्या सीडी त्यांजकडे आधीपासूनच होत्या, आणि त्यांतील दुसरी कधी लागत नाही ऐसे त्यांचे मत होते. मग यूराबीचे अध्यक्ष स्वतः शिडी लावून झाडावर चढले, आणि अकरा सीडी उतरविल्या, त्यांत आठवी इष्ट निघाली. तीवर काकाकुवांनी आपला अभिप्राय ठिकठिकाणी नोंदविला होता. बाईंनी ती भांड्यांचे साबणाने धुतली, आणि मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसली.

"या पाखरांना लाज नाही," तिबोर म्हणाले.

"पाखरांना? पाखरांनी त्यांचं काम केलंय."

सीडी वाचली गेली, हे देवाचे देणे. बांधणी जाहली. परंतु नवा दुभाषी दरबारी रुजू करू जाता प्रणालीने त्यास दारातच अडविले, कारण की याचे ओळखपत्र दुसऱ्या प्रणालीचे आहे. तिबोरांनी सहा वेळा बांधिला, सहा वेळा हाकलिला गेला. शुक्रवारचे दोन वाजले. संघातील दोघे भाऊ बाहेरगावी लोकर कातरावयास गेले होते, तेही परतून सह्या करून गेले होते, सबब सत्तावीस नावांची यादी पुरी होती, परंतु धाडणार कशाने? तिबोरांनी खुर्ची मागे लोटिली, आणि प्रथमच त्यांचा आवाज खाली आला.

"मला नाही जमत, ग्वेंडा. तुमचा क्लब मी बुडवला. चांगली चालती प्रणाली घालून द्यायची सोडून मी माझा हट्ट घातला."

लोथार दारात उभे होते. आत येऊन त्यांनी तिबोरांपुढे केकाचा तुकडा ठेविला.

बाई मात्र चष्मा लावून 'हे आधी वाचा' बोट ठेवून वाचीत होत्या, जैसे पूर्वी एक्स्चेंजात नंबरांची वही वाचीत. पान सातावर बोट थांबले.

"तिबोर, चालू प्रणालीचं पूर्ण नाव सांग. शेपटासकट."

तिबोरांनी वाचून दाखविले. शेवटी एक आडवी रेघ आणि चारचा आकडा होता.

"आणि तू बांधतोयस त्या मजकुरात?"

तिबोरांनी पाहिले. रेघ होती, परंतु चारचा आकडा नव्हता.

"इथे लिहिलंय, नाव अक्षरन् अक्षर जुळवा. अकरा वर्षं हेच केलं मी. एक आकडा चुकला की माणूस भलत्याच्याच घरी बोलतो."

तिबोरांनी चार लिहिला. सातव्या वेळी बांधिला. दुभाषी दरबारात शिरला, आणि प्रणालीने मोडेमास ओळखिले. तिबोरांनी बाईंचा हात घेऊन हंगेरी रिवाजाने चुंबिला. लोथारांनी छताकडे पाहिले.

मोडेमाने नंबर फिरविला. किंकाळ्या, घोगरे आवाज, शिट्या, मग शांतता. जोडणी जाहली! आणि पाऊण मिनिटात तुटली. पुन्हा जोडली, पुन्हा तुटली. चार वाजून वीस मिनिटे होईतो नऊ वेळा तुटली. तिबोर पुन्हा ड्रायव्हरास शिव्या देऊ लागले, तो बाईंनी त्यांस हाताने थांबविले, टेलिफोनचा रिसीव्हर उचलून कानास लाविला, आणि डोळे मिटले.

"टक," त्या म्हणाल्या. "टक. टक. दर सेकंदाला. ड्रायव्हर बिचारा ठीक आहे. लोथार, तुझं विजेचं कुंपण. त्याचा झटका फोनच्या तारेत शिरतोय."

लोथारांचा चेहरा पडला. "आत एडके आहेत."

"मला माहीत आहे आत कोण आहे ते."

"त्यांना कळतं, ग्वेंडा. वीज गेली की त्यांना कळतं."

"दहा मिनिटं बंद कर."

"पलीकडे मैदान आहे. नवीन गवत."

"यादी नाही गेली तर त्या गवतावर खेळणार कोण? एडके?"

मग अध्यक्ष धावले. वयाचे साठावे वर्षी, चव्वेचाळीस अंशांत, तीनशे पावले. हा प्रसंग मुलखात कोणी देखिला नव्हता. कुंपण निवाले. टकटक थांबली. मोडेमाने किंकाळी फोडिली, जोडणी जाहली, आणि या वेळी टिकली. पाऊण मिनिट गेले, एक गेले, दोन गेले. तिबोर श्वास घेईनात. चार वाजून एक्कावन्न मिनिटांनी सत्तावीस नावांची यादी पार्नीलावर चालून गेली. चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी उत्तर आले, शब्द दोन: "पोहोचली. रेक्स."

बाईंनी ते दोनदा वाचिले, चष्मा काढिला, आणि पुष्कळ वेळ पुसला. खिडकीबाहेर चौदाही एडके मैदानाचे मध्यावर नवे गवत खात होते, आणि अध्यक्ष टोपी हालवीत त्यांजमागे धावत होते. तिबोर त्यांच्या मदतीस गेले, त्यांस एका एडक्याने पाडिले. दुखापत किरकोळ, अभिमानास.

मग एप्रिलात हंगामाचा पहिला सामना पार्नीलाशी जाहला. गाव झाडून मैदानी लोटले. आमचा जो पराभव जाहला त्याचा तपशील मीच फलकावर टांगिला, सबब लपविण्यात हशील नाही. संध्याकाळी रेक्स ट्रेलोर बिअरचा ग्लास घेऊन आमचे गोटात आले.

"सत्त्याण्णव गुणांनी, लोथार! एवढ्यासाठी केलीत का रे सगळी धावपळ?"

लोथारांनी सावकाश घोट घेतला.

"हरायला संघ लागतो, रेक्स."

आणि त्यांनी रेक्सांचाही ग्लास भरविला.

ऐसी मोहीम पाच दिवस चालून तडीस गेली. फौज तीन असामी, खर्ची पडली फ्लॉपी एक. सदरहू वृत्तान्त चिटणीस ग्वेंडाबाई यांनी वाचून, चार ठिकाणी शुद्धलेखन सुधारून, मंजूर केला. सबब क्लबाचे दप्तरी कायमची नोंद केली ती येणेप्रमाणे: मौजे यूराबी, मोडेम चालू, संघ हजर, गुण चौतीस विरुद्ध एकशे एकतीस. फत्ते.