शेरा राखून ठेवण्यात आला आहे

कौतुक ही जपून वापरायची गोष्ट आहे. एकदा तोंडातून निसटलं की परत घेता येत नाही, आणि ऐकणारा शेफारतो तो कायमचा. म्हणूनच जबाबदार माणसं कुणाचंही कौतुक त्याच्या पाठीमागे करतात, आणि फारच जबाबदार असतील तर तो गेल्यावर. शोकसभेत आपल्या लोकांची वाणी खुलते ती उगाच नाही.

या बाबतीत या गोष्टीतल्या जावयाचे सासरे म्हणजे आदर्शच. शाळा तपासनीस म्हणून त्यांनी सगळी नोकरी शेरे देण्यात घालवली. 'असमाधानकारक', 'सुधारणेस वाव आहे' आणि अगदीच नाइलाज झाला तर 'ठीक'. 'समाधानकारक' हा शेरा त्यांनी आयुष्यात एकदाच दिला. पुढच्याच वर्षी त्या शाळेची भिंत पडली. तेव्हापासून ते कुठलाही धोका पत्करत नाहीत. लग्नाआधी लेकीने विचारलं होतं, "बाबा, मुलगा कसा वाटला?" ते म्हणाले, "पाहू." लग्न झालं, लेक परदेशी संसाराला लागली, जावयाचे कल्ले पांढरे झाले. पाहणं अजून चालू आहे.

जावई साधा माणूस. उंच इमारतींमधल्या लिफ्ट सांभाळणं हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग. त्याला सासऱ्यांकडून फार काही नको होतं. एक 'छान', तेही ओझरतं चाललं असतं. सासू-सासरे मुक्कामाला आले, राहिले, आणि आता उद्या त्यांचं विमान होतं. म्हणजे 'छान' म्हणवून घ्यायला आजचाच दिवस. त्याने रजा टाकली आणि शहर दाखवायचा बेत आखला.

"उगीच जिवाला लावून घेऊ नकोस," बायको म्हणाली. "मी शाळेत पहिली आले तेव्हा मला म्हणाले होते, 'अक्षर सुधार.'"

सकाळी मनोरा. मनोऱ्याची लिफ्ट खुद्द जावयाच्याच देखरेखीखालची. "बाबा, भरलेला पेला ठेवा जमिनीवर, थेंब सांडणार नाही," तो म्हणाला, आणि आपण जरा जास्तच बोललो असं वाटून गप्प बसला. वर पोचल्यावर काचेपलीकडे अख्खं शहर, नदी, पूल, मुंग्यांएवढ्या गाड्या. "अगंबाई, किती सुंदर!" सासूबाई म्हणाल्या. (सासूबाईंचं कौतुक हिशेबात धरत नाहीत. त्या बसथांब्यालाही सुंदर म्हणतात.) तपासनिसांनी काचेवरून बोट फिरवलं, बोट निरखलं आणि म्हणाले, "कानात दडे बसले."

मग वस्तुसंग्रहालय. "जागा बरीच अडवलीय." मग नदीतली बोट. बोटीत तपासनीस बराच वेळ काठाकडे पाहत होते, चेहरा जरा सैलावल्यासारखा वाटला. जावयाने धीर करून विचारलं, "कसं वाटतंय, बाबा?"

"पाणी आहे," ते म्हणाले.

या उत्तरावर जावयाने पुढचे दोन पूल जाईपर्यंत विचार केला. त्यात नापसंती अजिबात नव्हती, हे त्याने बायकोला कुजबुजून सांगितलंसुद्धा. (परदेश पाहायला आलेल्या सासऱ्यांपैकी शेकडा नव्वद 'हे आपल्याकडे आधीपासून आहे' म्हणतात; उरलेले दहा झोपतात. त्या मानाने 'पाणी आहे' म्हणजे पुष्कळच झालं.)

हुकमाचा एक्का जावयाने संध्याकाळसाठी राखून ठेवला होता: बेसबॉलचा सामना. बेसबॉल म्हणजे त्याचा जीव. दर मोसमात तो डाव्या हातात चामड्याचा मोठा हातमोजा चढवून मैदानाच्या त्याच बाजूला बसतो, कधीतरी एक चेंडू आपल्याकडे येईल म्हणून. या खेळात प्रेक्षकांत आलेला चेंडू ज्याच्या हाती लागेल त्याचा. लोक तो घरी नेऊन काचेच्या कपाटात ठेवतात. जावयाच्या घरी कपाट आहे.

हाती आलेला चेंडू ठेवून घ्यायचा असतो, एवढं एक सोडून त्याने सासऱ्यांना सगळं समजावून सांगितलं. ते राहून गेलं, कारण तपासनिसांची तपासणी सुरू झाली होती.

"बॅट अशी मुसळासारखी का?"

"नियमच आहे, बाबा."

"आणि मारला की बॅट टाकून पळतो हा! वस्तू जागेवर ठेवायची पद्धत नाही का यांच्यात?"

जावई बॅटची बाजू मांडत होता, तेवढ्यात पाहुण्या संघाच्या गड्याने चेंडू असा टोलावला की तो सरळ यांच्याच दिशेने आला. जावई ताडकन उठला. हातमोजा उंचावला. चेंडू मोज्याच्या टोकाला लागला, उडाला आणि तपासनिसांच्या ओंजळीत अलगद बसला.

"बाबा!" जावई आनंदाने ओरडला.

"हो, हो, देतो," तपासनीस म्हणाले. "खेळ खोळंबलाय त्यांचा!" आणि जन्मभर क्रिकेट पाहिलेल्या सभ्य माणसाने करावं तेच त्यांनी केलं. उठले, खांदा मागे घेतला आणि चेंडू मैदानात परत फेकला.

जावयाला फार वाईट वाटलं. अगदी रडूच यायचं बाकी होतं.

पण सगळं मैदान उठून उभं राहिलं. पाहुण्यांचा टोला हाती आला तर तो त्यांना परत फेकून द्यायचा, असा तिथल्या निष्ठावंतांचा रिवाज आहे. पाळवत मात्र कुणालाच नाही, कारण कपाट सगळ्यांच्याच घरी असतं. टाळ्या, शिट्ट्या, आणि भल्यामोठ्या पडद्यावर तपासनिसांचा चेहरा. अनोळखी माणसं येऊन पाठ थोपटून गेली. तपासनीस कानापर्यंत लाल झाले. एवढं कौतुक कुठे ठेवायचं हे त्यांना कळेना.

परतताना गाडीत तपासनीस एकदम घसा खाकरून म्हणाले, "काय हो जावईबापू, मघाशी... बरा टाकला का मी?"

जावयाने ती फेक पाहिली होती. सपाट, सरळ, या वयात! 'बाबा, कमाल केलीत' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण इतकी वर्षं या घराचा जावई असण्याचा काही परिणाम होतोच.

"ठीक होता," तो म्हणाला. "थोडा डावीकडे गेला."

मागच्या सीटवर तपासनीस सासूबाईंकडे वळून हळू आवाजात, म्हणजे त्यांच्या मते हळू, म्हणाले, "पोरगा छान आहे हो आपला."

सिग्नल हिरवा झाला तरी जावयाला दिसेना. मागच्या गाड्या भोंगे वाजवत राहिल्या.

तात्पर्य, हात आखडता घेतल्याने नाती टिकतात. वाचकांना हे सांगायला नको म्हणा. आज सकाळचा आपला चहा चांगला झाला होता. करणाऱ्याला तसं काही बोलला नाहीत, हे योग्यच केलंत. साखर कमी असती तर बोलला असतातच.