नानांचा मोकळा रस्ता

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी एक व्हॉइस मेसेज येतो. आधी कबुतरांची फडफड, मग एक भरदार खाकरणं, आणि मग निकाल : "रस्ता मोकला हाय. बिनधास जा."

हा निकाल देणारे काशिनाथ भोईर, म्हणजे आमचे नाना. ठाणे-भिवंडी रस्त्यावर राहून रस्ता मोकळा आहे असं मानणारा हा माझ्या माहितीतला एकमेव माणूस. कशेळीच्या पुढे ट्रेलर आडवा पडलेला असो, रस्ता नव्याने खोदलेला असो, नाहीतर जुनाच खोदलेला असो, नानांच्या लेखी रस्ता मोकळा.

बाकीचे लोक हा मेसेज ऐकून हात जोडल्याचं चित्र टाकतात आणि अर्धा तास लवकर निघतात. मी नवीन होतो. मी विश्वास ठेवला.

विश्वास ठेवणं हा माझा जुना आजार आहे. हा फ्लॅटसुद्धा मी जाहिरातीवर विश्वास ठेवूनच घेतला. 'ठाण्याच्या अगदी शेजारी' असं तिच्यात होतं, आणि ते खोटं नाही. गॅलरीतून खाडीपलीकडचं ठाणं स्वच्छ दिसतं. तसा चंद्रही दिसतो. नानांच्या भरवशावर मी ऑफिसला इतक्यांदा उशिरा पोचलो, की साहेबांनी कारण विचारणं सोडून दिलं. मी आत शिरलो की ते नुसतं घड्याळाकडे बघायचे आणि 'भिवंडी' असं म्हणायचे. ऑफिसात माझं आता तेच नाव आहे.

तरी मी सुधारलो नाही. सासूबाई पहिल्यांदा घर बघायला यायच्या होत्या. मी नानांना विचारून त्यांना फोन केला, "या, रस्ता अगदी मोकळा आहे." जेवायला बोलावलेल्या सासूबाई चहाच्या वेळेला पोचल्या आणि दारातच बायकोला म्हणाल्या, "याच्यापेक्षा तुला नाशिकला दिली असती तर बरं झालं असतं. जवळ पडलं असतं."

त्याच दिवशी मी नानांना जाब विचारायला गच्चीवर गेलो.

नाना दिवसाचा बराच वेळ गच्चीवर असतात. अंगात पांढरी बंडी, खाली चौकटीची लुंगी, गळ्यात बोटाएवढी जाड साखळी. आमची इमारत त्यांच्याच भातशेतावर उभी आहे, आणि हे ते आम्हाला विसरू देत नाहीत. माझा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. तिथे येऊन ते सोफ्याकडे बोट दाखवून म्हणाले होते, "हितं चिखल लय व्हायचा. जपून बसा."

"नाना," मी म्हणालो, "सासूबाई पुलावर अडकल्या. प्रचंड गर्दी होती."

"गर्दी न्हाय वो ती. भरती. आमी खाडीवरची मानसं. भरती हाय मंजी ओहटी येनारच."

"पण तुम्ही सांगितलंत रस्ता मोकळा आहे."

"मोकलाच हाय. गाड्या हायेत तेवढ्या."

मी दमून त्यांच्या खुर्चीत बसलो, आणि बसल्यावर लक्षात आलं की त्या खुर्चीतून रस्ता दिसतच नाही. मधे एका गोडाऊनचं भलंमोठं पत्र्याचं छप्पर येतं. दिसते ती खाडी, आणि पलीकडे ठाण्याचे टॉवर.

"नाना, इथून रस्ता कुठे दिसतो?"

"रस्ता बघून काय करायचाय? तो निला टावर दिसतो काय? पान्याची टाकी हाय, तिच्या बाजूला. तिथं आमची जयू रावते."

जयू म्हणजे जयश्री, नानांची एकुलती एक लेक. नानी गेल्यापासून नाना एकटे. लेकीचं घर नजरेच्या टप्प्यात, पण ती वर्षातून एकदाही येईल तर शपथ. जावयांना सुट्टी एकच आणि तिचा अर्धा भाग पुलावर जातो. गेल्या जत्रेला तर ती निघाली आणि कशेळीच्या पुलावरूनच परत फिरली. "जावयबापू बोलतात, तुमच्याकडं यायचा रस्ताच न्हाय," नाना म्हणाले. मग खाकरले. "तिचा नंबर पन हाय आपल्या ग्रुपात. मीच टाकायला लावलाय."

मी साहेबांना, सासूबाईंना आणि स्वतःला मनातल्या मनात समजावून खाली आलो.

यंदाच्या जत्रेला मात्र जयू येणार हे पक्कं झालं. नानांनी ते लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगितलं. कुरियरवाल्यालाही सांगितलं. आमच्या या गावात जत्रेला देवीची पालखी दारोदार फिरते, आणि प्रत्येक दारी घरची लेक तिला ओवाळते. नानी होती तोवर निभावलं. मागच्या वर्षी पालखी आली तेव्हा शेजारच्या चुलतभावाच्या सुनेनं ओवाळलं होतं, आणि नाना आत जाऊन बसले होते.

जत्रेच्या दिवशी इमारतीसमोर मांडव, आत वडे आणि मटणाचा घमघमाट, बाहेर बेंजोचा ताफा. जयू सकाळीच निघाली होती. पालखी आली. जयू आली नव्हती.

नाना उठले, पालखीचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाले, "माझी लेक आल्याबिगर पालखी हालनार न्हाय."

पालखी भर रस्त्यात. ठाण्याच्या बाजूने येणारी पहिली रिक्षा थांबली, मग टेम्पो थांबला, मग कंटेनर. हॉर्न सुरू झाले. बेंजोवाल्यांनी त्यांच्याशी जुळवून घ्यायचा प्रयत्न केला आणि नाद सोडला.

"नाना, देवीला घाम आला!" एक भोई ओरडला.

"आमच्या खांद्याचा तरी इचार करा!" दुसरा.

"गप रे. तुजी बहीन पुन्याशना आली, तवा थांबलो ना आमी?"

तेवढ्यात फोन वाजला. नानांचे हात दांड्यावर, म्हणून मी तो स्पीकरवर टाकून त्यांच्या तोंडापुढे धरला.

"बाबा," जयूचा आवाज रडकुंडीला आलेला, "आम्ही पुलाच्या अलीकडे येऊन अडकलोय. गाडी इंचभर हलत नाही. पुढे कोणीतरी म्हणे रस्त्यात पालखी अडवून ठेवलीय."

"कोन येडा हाय तो?" नाना कडाडले.

मांडवातले सगळे नानांच्या हातांकडे बघायला लागले. कंटेनरवालासुद्धा हॉर्न वाजवायचा थांबला. शेवटी मी खुलासा केला. मी नेहमीच खुलासा करतो.

"नाना, तुम्हीच."

नानांनी आधी दांड्याकडे पाहिलं, मग गाड्यांच्या रांगेकडे. दांडा सोडावा तर पालखी पुढे जाणार आणि लेक यायच्या आत दार ओलांडणार. धरून ठेवावा तर लेक पोचणारच नाही.

"तुमची बाईक हाय ना?" शेवटी ते मला म्हणाले. "जाता काय?"

मी रस्त्याच्या कडेने, गटाराच्या झाकणांवरून बाईक काढत निघालो. पुलाजवळ पोचल्यावर आठवलं की जयूला मी कधी पाहिलेलं नाही. आणि फोन? नानांचा मी निघताना त्यांच्या चुलतभावाच्या हातात दिला होता, आणि माझा स्वतःचा मांडवात चार्जिंगला. गाडी पांढरी आहे एवढं मला ठाऊक होतं. त्या रांगेत पांढरी नसलेली गाडी शोधणं जास्त सोपं होतं.

मी काचा वाजवत सुटलो. "जयश्रीताई का?" कोणी काच वर घेतली, कोणी सुटे नाहीत म्हणाले. एका गाडीतल्या बाई मात्र झटकन बाहेर आल्या, पदर खोचला आणि माझ्या मागे बसल्या. "चला लवकर," म्हणाल्या. मला धन्य वाटलं.

मांडवाजवळ पोचलो तर बेंजो कडाडला, चुलतभावाकडच्या काकी आरतीचं ताट घेऊन धावत आल्या. नाना बाईंकडे बघत राहिले.

"ही कोन?"

"जयू," मी म्हणालो.

"मी शोभा," बाई म्हणाल्या. "मला अंजूरफाट्याला जायचंय. हे विचारत होते, मी बसले. किती वेळ बसायचं माणसानं गाडीत?"

मांडवातला हशा अजून माझ्या कानात आहे. पण तो मधेच थांबला. माझ्या मागून, रिक्षा आणि कंटेनरच्या फटीतून एक बाई चालत येत होती. पैठणी गुडघ्यापर्यंत वर खोचलेली, सँडल हातात, कपाळावरचं कुंकू घामाने नाकापर्यंत आलेलं. जयू गाडी सोडून पुलापासून चालत आली होती. मी बहुधा तिच्या शेजारूनच दोनदा गेलो असेन.

तिने ओवाळलं. नानांनी दांडा सोडला. पालखी गेली, कंटेनर गेला, शोभाताई दोन वडे खाऊन रिक्षाने गेल्या. नाना लेकीच्या पायांकडे बघत होते. टाचेला फोड आले होते.

पाहुणे गेल्यावर ते माझ्याजवळ येऊन बसले.

"रोजच असा असतो काय हो रस्ता?"

"रोज."

"हं," म्हणाले. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर मेसेज आला नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. लोक काळजीत पडले आणि नेहमीच्याच वेळेला निघून नेहमीइतकेच अडकले.

रविवारी नाना माझ्या दारात उभे. लुंगीऐवजी कडक इस्त्रीची पँट. "मला जयूकडं सोडता?"

मला राहवलं नाही. "नाना, एवढं जवळ घर. तुम्ही स्वतः कधीच कसे गेला नाहीत?"

"आमच्यात लेकीला पोर झाल्याबिगर बाप तिच्या घरचं पानी पेत न्हाय. तिला काय अजून न्हाय झालं." ते बाईकवर बसले. "पानीबी प्यायचं न्हाय, तर जाऊन काय दारात उभा रावू? तिलाच वाईट वाटायचं."

आम्ही अडकलो. पुलावर, भर उन्हात, एका सिमेंटच्या मिक्सरमागे. माझ्या खांद्यावरचा नानांचा हात मधूनमधून घट्ट व्हायचा.

जयूने दार उघडलं आणि तशीच उभी राहिली. मग आम्हाला बसवून आत पळाली. ताटलीत पाण्याचा एकच ग्लास घेऊन आली आणि माझ्यासमोर धरला. माझ्या घशाला कोरड पडली होती. मी हात पुढे केला.

नानांनी माझ्या आधी ग्लास उचलला आणि घटाघटा रिकामा केला.

"बाबा," जयू म्हणाली, "ते यांचं होतं."

"यांना दुसरं आन."

जयू रिकामा ग्लास घेऊन आत गेली. नाना पँटच्या इस्त्रीवरून हात फिरवत समोरच्या भिंतीकडे बघत बसले. दुसरा ग्लास यायला बराच वेळ लागला. मी मागितला नाही.