दिवसा लावलेलं दार

एका रविवारी दुपारी दोन वाजता मी माझ्या राहत्या घराचं पुढचं दार आतून लावून घेतलं. माझा गुन्हा म्हणाल तर एवढाच. दार माझं (भाड्याचं, पण तरी), झोप माझी, आणि दिवस सुट्टीचा. शहरात पंधरा वर्षं मी रोज घरात शिरलो की दार लावत होतो आणि त्यावरून कोणाच्या डोळ्यांत कधी पाणी आलं नव्हतं.

पण आता आम्ही शहरात नव्हतो. आमच्या हिला या गावच्या शाळेत मुख्याध्यापिकेची जागा मिळाली आणि तिच्या मागोमाग मीही इथल्या मोजणी कार्यालयात बदली मागून घेतली. (नवरा बायकोच्या मागे चाललाय हे अर्जात वाचून आमचे जुने साहेब बराच वेळ चष्मा पुसत राहिले.) गाव छोटं, हवा स्वच्छ, दूध घट्ट, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती. इथे सकाळी दार उघडलं की ते रात्री झोपतानाच लावायचं. मधल्या वेळात वाऱ्यानं हलू नये म्हणून दाराला दगड लावून ठेवायचा.

आणि उघड्या दारातून माणसं येतात. 'येऊ का?' असं विचारतात, पण आत येऊन बसल्यावर. समोरचे टेलरमास्तर गळ्यात टेप घालून सकाळी सातला येतात, आमच्या खुर्चीत बसून आमचा पेपर वाचतात आणि आम्हालाच बातम्या सांगतात. दवाखान्यातले कंपाउंडर जाता-येता स्वयंपाकघरात डोकावून पातेल्यावरचं झाकण उचलतात, वास घेतात आणि 'मीठ जपून' असं सांगून निघून जातात. टेलरमास्तरांच्या आईला सगळी गल्ली आत्या म्हणते. ती तर आमच्या उंबऱ्यावरच बसलेली असते. मी बाहेर पडताना तिला ओलांडून जातो, आणि ती दर वेळी विचारते, 'कोण गेलं गं?'

ही आणि मुलगी पंधरा दिवसांत गावच्या होऊन गेल्या. हिला सगळे बाई म्हणतात. मुलगी कोणाच्या घरी जेवते आणि कोणाच्या घरी अभ्यास करते याचा हिशोब आम्ही सोडून दिला. मी मात्र कोणी आलं की आतल्या खोलीत सटकायचो, नाहीच जमलं तर पेपर तोंडासमोर धरायचो. गावात हेल्मेट घालणारा मी एकटाच, त्याच्या आत धुळीसाठी नाकावर रुमाल. त्यामुळे तीन महिन्यांत गल्लीनं माझं हेल्मेट ओळखलं आणि मला हेल्मेटसाहेब असं नाव पडलं. हेल्मेटच्या आत काय असतं, याची चौकशी कोणी केली नाही.

मला फार काही नको होतं. आठवड्यातून एक तास हवा होता, ज्यात मला कोणी बघणार नाही, काही विचारणार नाही, माझ्या पातेल्यावरचं झाकण उचलणार नाही. हिला हे सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, मग डोळे मिटून घ्या की." मुख्याध्यापिकेशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

तर त्या रविवारी ही आणि मुलगी गल्लीच्या टोकाला कोणाची तरी व्यालेली गाय बघायला गेल्या. मी पुढचं दार लावलं, वरचा बोल्ट सरकवला, खालचाही सरकवला. मागचं दार लावलं. खिडक्या लावल्या, पडदे ओढले. शर्ट काढून खुंटीला टांगला, चष्मा टेबलावर ठेवला आणि आडवा झालो. तीन महिन्यांत पहिल्यांदा मला फार बरं वाटलं.

हे सुख चार मिनिटं टिकलं.

"बाई?" बाहेरून आत्याचा आवाज. मग दारावर थाप.

इथे मी माझी दुसरी चूक केली. मी गप्प राहिलो. शहरात दार वाजवून ओ आली नाही की माणूस परत जातो. इथे माणूस परत जात नाही, आणखी माणसं घेऊन येतो.

"मास्तर, जरा इकडे ये रे. दार लागलंय."

"लागलंय म्हणजे?" टेलरमास्तर आले. थाप जोरात. "आतून लागलंय. दिवसाढवळ्या?"

"बाई तर आत्ताच गेल्या गाईकडे. लेकरूही होतं संगतीला."

"मग आत हेल्मेटसाहेब एकटेच."

मी श्वास रोखून पडलो होतो. अजूनही उठून 'झोपलोय हो' म्हटलं असतं तर भागलं असतं. पण मग दार उघडावं लागलं असतं, आणि दार उघडलं की टेलरमास्तर खुर्चीत बसले असते. मी एका तासासाठी भांडत होतो. मी डोळे घट्ट मिटले.

"पेन्शनर आजोबांच्या वेळी असंच झालं होतं," आत्या म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता. "मी म्हटलं झोपले असतील. दोन दिवस आत पडून होते बिचारे. दोन दिवस मी याच रस्त्यानं ये-जा केली."

ही गोष्ट हिनं मला सांगितली होती म्हणे. मी पेपर वाचत होतो. त्या आजोबांनंतर गल्लीनं ठरवलं होतं की दिवसा कोणी दार लावायचं नाही. मला लाज वाटली, अगदी खरोखर वाटली. आणि लाज वाटल्यावर मी काय करावं? आणखी गप्प बसलो. एवढं रडवल्यावर आत जिवंत सापडणं मला बरं दिसेना.

कंपाउंडर आले. "सरका, मला ऐकू द्या." त्यांनी दाराला कान लावला असावा. "श्वासाचा आवाज येत नाही."

"दारातून येतो?"

"अनुभव लागतो त्याला."

"माणूस कसा होता हो?" कोणीतरी विचारलं.

"होता" ऐकून मी डोळे उघडले.

"चांगला होता," टेलरमास्तर म्हणाले. मग जरा विचार करून, "म्हणजे वाईट कधी दिसला नाही."

"चांगला तरी कुठे दिसला?"

"दिसलाच नाही म्हणा ना. मी तीन महिने रोज त्यांच्या घरी जातो, पण माप घ्यायला सांगाल तर अंदाज नाही येणार."

"मागून बघा की," कोणीतरी सुचवलं.

"बघून आलो. मागच्या गोठ्यातून भिंत चढून गेलो, तेही दार आतून बंद. सुताराला बोलवा."

सुतार दोन घरं सोडून राहतो. तो आल्याचं मला हत्यारांच्या आवाजावरून कळलं. लोक म्हणत होते फळी फोड, पण त्यानं साफ नकार दिला. "हे दार माझ्या हातचं आहे. मोडायचं नाही. चौकटीसकट काढू. अर्ध्या तासाचं काम." आणि भिंतीत छिन्नी बसल्याचा पहिला घाव मी उशीतून ऐकला.

आता काहीतरी करणं भाग होतं. माझ्या डोक्यात एक योजना आली. (माझ्या डोक्यात योजना येते तेव्हा ही हातातलं काम बाजूला ठेवते. त्या दिवशी ती नव्हती.) मागच्या दारानं निघायचं, गोठ्यातून फिरून रस्त्यावर यायचं आणि फिरायला गेल्यासारखं घरी परत यायचं. 'अरे, ही गर्दी कसली?' असं म्हणायचं. दार आतून कसं लागलं याचा खुलासा नंतर सुचला असता.

मी मागचं दार उघडलं, भिंतीवर चढलो आणि पलीकडे गोठ्याच्या छपरात अडकलो. तिथून सुटेपर्यंत बनियनला दोन भोकं पडली आणि तोंडावर कोळ्याचं सबंध जाळं आलं. शर्ट खुंटीवर आणि चष्मा टेबलावर राहिला हे रस्त्यावर आल्यावर आठवलं. चष्म्याशिवाय मला दहा पावलांवरचा माणूस कोण आहे ते कळत नाही. पण गर्दी कळली. आमच्या दारात चाळीसेक माणसं होती आणि सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे होत्या.

"अरे, ही गर्दी कसली?" मी ठरल्याप्रमाणे म्हणालो.

"हेल्मेटसाहेब आत बेशुद्ध पडलेत," कोणीतरी वळून न बघता सांगितलं. "धक्का देऊ नका."

मी तोंड उघडलं, पण तेवढ्यात सुतार ओरडला, "चौकट सुटली. चार माणसं या इकडे." मी गर्दीत सगळ्यात मोकळा दिसत होतो, बहुतेक बनियनमुळे. टेलरमास्तरांनी माझा दंड धरला. "पहिलवान, तुम्ही खालचा कोपरा धरा." आयुष्यात मला पहिलवान कोणी म्हटलं नव्हतं. मी कोपरा धरला.

"तुम्ही कोणाकडचे?" त्यांनी विचारलं.

"याच गल्लीतला," मी म्हणालो.

"कधी दिसला नाहीत."

खरं सांगतो, त्या दाराचं वजन फार होतं. "एक, दोन, ओढ," सुतार म्हणायचा आणि मी जीव तोडून ओढायचो. आपलंच घर फोडताना माणूस इतका मन लावून काम करतो हे मला माहीत नव्हतं. मोजणी कार्यालयात मी कधी एवढा घामाघूम झालो नाही. शेवटी भिंतीचा गिलावा पडला, विटा निखळल्या आणि चौकटीसकट दार रस्त्यावर आलं. वरचा बोल्ट लागलेला, खालचा लागलेला. बंद दार बंदच राहिलं. सुतारानं त्यावरून हात फिरवला आणि भिंतीतल्या भगदाडाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

लोक आत घुसले. मी कोपरा धरून उभा होतो, कारण सोडा असं कोणी सांगितलं नव्हतं.

"पलंगावर नाहीत," आतून आवाज आला.

"अंथरूण गरम आहे. शर्ट इथे आहे."

"चष्माही आहे. म्हणजे लांब गेले नसणार."

"मागचं दार उघडं आहे. विहिरीकडे पळा."

विहीर म्हटल्यावर आत्यानं पदरात तोंड लपवलं. आणि त्याच वेळी गर्दी दुभंगली, कारण ही आली होती. गाईकडे कोणीतरी निरोप नेला होता. मला अंधुक एवढंच दिसलं की एक बाई धावत आली, भगदाडाशी थांबली आणि तिनं भिंतीला हात टेकला. तिला धाप लागली होती. हिला असं मी आमच्या लग्नाच्या पंधरा वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं, आणि मला इतकं भरून आलं की मी कोपरा आणखी घट्ट धरला.

"अगं, मी इथे आहे," मी म्हणालो.

तिनं हळूहळू मान वळवली. बनियन पाहिलं, जाळं पाहिलं, दार पाहिलं.

"तुम्ही इथे काय करताय?"

"दार धरलंय."

"कोणाचं?"

"आपलं," मी म्हणालो.

मग कंपाउंडर पुढे आले, त्यांनी माझी नाडी पाहिली आणि जाहीर केलं की मी जिवंत आहे. आत्यानं डोळे पुसले, माझ्या तोंडावरचं जाळं स्वतःच्या पदरानं काढलं आणि मला नीट न्याहाळत म्हणाली, "असा आहे होय. मला वाटलं, उंच असेल."

हिनं त्या दिवशी माझ्याशी एक शब्दही काढला नाही. दुसऱ्या दिवशी एकच काढला, आणि तो इथे लिहिण्यासारखा नाही.

सुतारानं चौकट दुरुस्तीला नेली. 'आठ दिवसांत देतो' म्हणाला आणि तीन आठवड्यांनी दिली. ते तीन आठवडे आम्ही भगदाडाच्या मागे राहिलो. पडदा लावला होता, पण तो कंपाउंडर येता-जाता बाजूला करून ठेवायचे. गल्लीनं मला दाढी करताना पाहिलं, मोजे शोधताना पाहिलं, हिची बोलणी खाताना तर रोजच पाहिलं. आता सगळे मला तोंडावरून ओळखतात. पहिलवान म्हणतात.

चौकट बसली त्या दिवशी मी हात जोडून गल्लीसमोर उभा राहिलो. पेन्शनर आजोबांबद्दल मला ठाऊक नव्हतं, मला क्षमा करा, पण रविवारचा एक तास तेवढा दार लावू द्या, असं सांगितलं. मला वाटलं, बरीच चर्चा होईल. पण लोकांनी हिच्याकडे पाहिलं, हिनं मान हलवली आणि ठराव दोन मिनिटांत पास झाला. मला जरा अभिमानच वाटला.

रविवारी दोन वाजता मी दार लावलं आणि आडवा झालो. थाप पडली नाही. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. मी कान देऊन पडलो होतो. ही, मुलगी, आत्या, टेलरमास्तर, सगळे बाहेर आमच्याच पायरीवर बसून हसत होते, आणि कशाला हसतायत ते काही केल्या कळेना. मी एकदा खोकलो. मग जरा मोठ्यानं खोकलो. कोणी 'काय झालं' म्हणून विचारलं नाही. मला झोप येईना.

तेवढ्यात पायरीशी सायकल थांबली. कुरिअरवाला होता, या गल्लीत नवा.

"घरात कोणी आहे का?" त्यानं विचारलं.

"नाही," आमची मुलगी म्हणाली. "फक्त बाबा आहेत."

"बरं," कुरिअरवाला म्हणाला, "मग कोणी आलं की सांग."