मुरुमांवर ओव्हरटाइम

साखरपुड्याला सत्तर माणसं जमली होती. त्यातल्या एकोणसत्तरांनी रामहरीला नावाजलं. पोरगा केमसारख्या खेड्यातला, पण सोलापुरात बांधकाम खात्यात कारकून. अक्षर सुरेख, तंबाखू नाही, उलट बोलणं नाही. आणखी काय पाहिजे! सत्तरावी होती नवऱ्या मुलीची आत्या, अकलूजची गोजाबाई. तिनं पेढा तोंडात टाकता टाकता शेजारणीला सांगितलं, "पोरगा लाखात एक हाय गं, पर तोंडावर बाजरी सांडलीया."

हे नेमकं रामहरीनं ऐकलं. (ऐकायचं ते ऐकू येत नाही आणि नको ते बरोबर ऐकू येतं, ही त्याची जुनी खोड. त्याचे हेडक्लार्कही हेच म्हणत.) एकोणसत्तर जणांचं कौतुक गेलं वाऱ्यावर आणि ती बाजरी बसली डोक्यात.

बाजरी काही खोटी नव्हती. पंचविशी उलटली तरी रामहरीच्या गालांवरची मुरुमं हटायला तयार नव्हती. आजवर त्यानं ती मनावर घेतली नव्हती. पण आता वच्छला होती. मॅट्रिक झालेली, इंग्रजीत बासष्ट मार्क मिळवलेली वच्छला! रामहरी ते बासष्ट मार्क स्वतःला पडल्यासारखे मिरवायचा. वैशाखात लग्न. मंगलाष्टकं संपणार, अंतरपाट खाली येणार आणि वच्छला पहिल्यांदा डोळे भरून नवऱ्याचं तोंड बघणार. त्या क्षणी तिला बाजरी दिसता कामा नये, एवढंच रामहरीनं ठरवलं. ठरवलं एवढंसंच. पण त्यापायी लग्न मोडायची वेळ आली, ती कशी, तेच सांगतो.

आधी घरगुती उपाय झाले. आई मथुराबाईनं जायफळ उगाळून दिलं, चंदन दिलं. ऑफिसातला शिपाई निंगप्पा मैंदर्गीचा. तो रोज नवा पाला घेऊन यायचा. "अय्यो, रामहरी सायेब, ह्ये लावा. आमच्या म्हशीचं खांदं ह्येनंच बरं झालं." रामहरीनं तेही लावलं. म्हशीला गुण आला होता, याला आला नाही. शेवटी निंगप्पाच म्हणाला, "सायेब, तुमी डाक्टरच बघा. चामडीचा पेशल डाक्टर हाय की सोलापुरात."

तर रामहरी गेला. दवाखान्यावर मोठी पाटी होती: 'त्वचारोग, कुष्ठरोग व गुप्तरोग'. पेंटरला कोण जाणे काय वाटलं, पण पहिले दोन शब्द त्यानं काळ्या रंगात उरकले होते आणि तिसरा तांबड्या रंगात, हातभर उंचीचा काढला होता. आत बाकड्यावर आठदहा पेशंट होते. सगळ्यांनी वर्तमानपत्रं तोंडापुढं धरलेली. एकाचं तर उलटं होतं. आमचा रामहरी मात्र छाती काढून बसला. स्पेशालिस्टकडं येणारा आपल्या घराण्यातला आपण पहिलाच, या विचारानं त्याला बसल्या जागी मोठं झाल्यासारखं वाटत होतं.

डॉक्टरांनी चेहरा भिंगातून पाहिला आणि चिठ्ठी लिहिली. "हे नवीन औषध आहे. अ जीवनसत्त्वापासून काढलेलं. मुंबईहून मागवावं लागेल. रात्री तोंड धुऊन, कोरडं करून, अख्ख्या तोंडाला मिळून हरभऱ्याएवढं लावायचं. उन्हात फिरायचं नाही. आधी लाल होईल, सालं निघतील, वाढल्यासारखं वाटेल. घाबरायचं नाही. दोनतीन महिन्यांनी गुण दिसेल."

यातलं 'मुंबईहून' आणि 'दोनतीन महिन्यांनी' हेच रामहरीच्या मनात जास्त घुमत राहिलं. चिठ्ठी घेऊन तो बाहेर आला आणि दवाखान्याच्या पायरीवर, त्या तांबड्या शब्दाच्या बरोबर खाली उभा राहून, ती उजेडात धरून वाचायला लागला. वाचता काहीच आलं नाही. पण येणाऱ्याजाणाऱ्याला चिठ्ठी दिसावी म्हणून पाच मिनिटं उभा राहिला. बाकीचे पेशंट दारातून बाहेर पडताना सशासारखे पळत होते, हा आपला पुतळ्यासारखा उभा!

त्या पाच मिनिटांत समोरून एक टांगा गेला. टांग्यात गोजाबाई होती. ती चष्मा करायला सोलापुरात आली होती. होणारा जावई दिसला म्हणून तिनं कौतुकानं टांगा थांबवला, आणि वाचता येत नसल्यामुळं टांगेवाल्याला विचारलं, "काय रं बाबा, त्या पाटीवर काय लिवलंय?" टांगेवाल्यानं आधी घोड्याचा लगाम नीट केला. मग पाठ न वळवताच त्यानं सांगितलं. गोजाबाईनं चष्मा तसाच सोडला आणि अकलूजची पहिली एस्टी धरली.

इकडं रामहरीला यातलं काहीच ठाऊक नाही. मुंबईहून ट्यूब आली. लग्नाला उरले होते सात आठवडे आणि डॉक्टर म्हणाले होते दोनतीन महिने. सरकारी कारकून अशा वेळी काय करतो? ओव्हरटाइम! रात्री एकदा लावायचं ते त्यानं सकाळ, दुपार, रात्र सुरू केलं. हरभऱ्याचंही तसंच. घरात उसळीसाठी हरभरे भिजत घातलेले होते. त्यातला टपोरा बघून त्यानं माप ठरवलं, आणि तेही एकेका गालाला दोन दोन.

आठव्या दिवशी तोंड पेटलं. दहाव्या दिवशी सालं निघायला लागली. मथुराबाई म्हणाली, "रामहरी, आरं, कात टाकायला लागलास की रं!"

"औषध काम करतंय, आई," तो ऐटीत म्हणाला. ऑफिसात तर त्यानं ट्यूब टेबलावरच ठेवली. कुणी फाइल मागायला आला की आधी ट्यूब दाखवायची, मग फाइल. निंगप्पा जवळ येऊन निरखायचा. "अय्यय्यो सायेब, उकडल्या बटाट्यागत साल सुटलंय!" आणि रामहरीला ती शाबासकी वाटायची. चैत्राचं सोलापुरी ऊन, म्हणून त्यानं डोक्यावर छत्री घेतली आणि तोंडाला चांगला जाडजूड सोलापुरी टॉवेल गुंडाळला. डोळे तेवढे उघडे. ओळखीचे लोक पलीकडच्या फुटपाथवरून जायला लागले, तेव्हा त्याला वाटलं, आपला दरारा वाढला.

आणि मग बस्ता आला. लग्नाचे कपडे घ्यायला दोन्हीकडची मंडळी कल्लप्पाच्या कापडदुकानात जमली. पांढऱ्या गादीवर एका बाजूला मथुराबाई आणि टॉवेलात गुंडाळलेला रामहरी. दुसऱ्या बाजूला वच्छलेचे वडील कोंडीबा, गोजाबाई आणि मान खाली घालून बसलेली वच्छला. कल्लप्पा फराफरा लुगडी उलगडत होता, पण अकलूजकर लुगड्यांकडं बघतच नव्हते. सगळे टॉवेलाकडं बघत होते.

"जावईबापू," कोंडीबा म्हणाले, "तोंडाचं फडकं काढा जरा."

"मामा, ऊन लागू द्यायचं नाही त्याला."

"दुकानात कुटलं आलंय ऊन? काढा."

रामहरीनं टॉवेल सोडला. चेहरा लालबुंद, त्यावर ठिकठिकाणी लोंबणारी सालपटं. कल्लप्पाच्या हातातलं लुगडं हातातच राहिलं.

"बघ! सांगत न्हवते मी?" गोजाबाई म्हणाली.

कोंडीबांनी आवाज खाली आणला. "कवापासनं हाय ह्ये?"

"अकरावीपासून," रामहरीनं चोख माहिती दिली.

"शाळंत असल्यापासनं?"

"त्या वयात होतंच की मामा. आमच्या अख्ख्या वर्गाला होतं. ड्रॉइंगच्या मास्तरांनाही होतं."

कोंडीबांनी गादीला हात टेकला. "आन् घरात ठावं हाय?"

"आईला सगळं माहीत आहे. आमच्या थोरल्या मामाला पण होतं. लग्न झाल्यावर त्याचं आपोआप गेलं."

"आगं बाई! त्या मामीचं काय झालं आसंल!" गोजाबाईनं कानांवर हात ठेवले.

"मामीला काय होतंय? आणि झालंच तर मी ट्यूब दोन मागवल्यात. घरात सगळ्यांना पुरेल."

कोंडीबा ताडकन उठले. "गोजे, ऊठ. वच्छे, चल. ह्ये लगीन हुयाचं न्हाय."

मथुराबाई घाबरीघुबरी झाली. "आवं पावणं, झालं काय? सांगा तरी!"

"मी सांगते!" गोजाबाई गादीवर उभी राहिली. "गुप्तरोगाच्या डाक्टराच्या पायरीवर हुबा होता ह्यो! ह्या डोळ्यांनी बघितलंय. टांगेवाल्यानं पाटी वाचून दावली. आन् लाज तरी? छाती काढून हुबा होता!"

तेव्हा कुठं रामहरीच्या डोक्यात उजेड पडला. तोंडाचा लाल रंग क्षणात उतरला (औषधाला इतक्या दिवसांत जे जमलं नव्हतं ते). "मामा, शप्पथ... मुरुमं... मुरुमांसाठी गेलतो मी!" शहरी भाषा पार पळाली होती.

"मुरमासाठी?" कोंडीबा गरजले. "आख्ख्या अकलुजात मुरमासाठी डाक्टराकडं गेल्याला एक माणूस दावा! मुरूम काय रोग हाय?"

 पंधरवडाभर ज्या डॉक्टरची, ज्या ट्यूबची फुशारकी मारली, तीच आता गळ्याशी आली होती. वच्छला जाणार. ती बासष्ट मार्कांची वच्छला उठून जाणार आणि आपण टॉवेल हातात धरून बसणार. त्याला खरोखर रडू यायला लागलं, आणि रडला असता तर गालांवर आणखी झोंबलं असतं.

"आबा," वच्छला म्हणाली. मान खालीच होती, पण आवाज ठणठणीत. "औषध बघू द्या की मला."

रामहरीनं खिशातनं ट्यूबचं खोकं काढलं. आत घडी घातलेला बारीक अक्षरांचा इंग्रजी कागद होता. रामहरीनं तो आजवर उलगडलाच नव्हता. वच्छलेनं उलगडला, ओळीवर बोट ठेवलं आणि सुरू केलं. अडखळत, पण सोडलं काही नाही. आधी इंग्रजी ओळ, मग मराठी.

"ह्ये पिंपल्सचं औषध हाय, आबा. पिंपल्स म्हंजी मुरुमं. दुसऱ्या कशाचं नावबी न्हाय ह्यात. पैल्या दोनचार आठवड्यांत कातडी लाल हुती, आग हुती, सालं निघत्यात. उन्हात जायाचं न्हाय. समदं लिवलंय हितं."

 कोंडीबा हळूच खाली बसले.

"परत वाच."

तिनं परत वाचलं.

"नुसतं इंग्रजीच वाच." कोंडीबांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मिशी हळूहळू वर चालली होती. "कल्लप्पा, ऐकतुयास न्हवं? माझी पोर हाय ही! बोलीव तुझी माणसं. वच्छे, पुन्यांदा वाच!" चौथ्या वेळेला गल्ल्यावरचा मुनीमसुद्धा उठून आला. गोजाबाईनं डोळे पुसले. "माझ्या भावाची पोर! मीच म्हनले होते, शाळंत घाला म्हनून." (असं तिनं कधीच म्हटलं नव्हतं, पण त्या दिवशी ते कुणी काढलं नाही.)

आणि रामहरी? त्याचं लग्न वाचलं होतं, पण त्याला सुचत होतं एकच. ही माझी बायको होणार! त्याची छाती अशी फुगली, की सदऱ्याचं बटण ताणलं गेलं.

"दिसातनं किती येळा लावता?" वच्छलेनं कागदावरनं नजर न काढता विचारलं. लग्नाआधी नवऱ्याशी बोललेलं हे तिचं पहिलं वाक्य.

"तीन."

"हितं एकदाच लिवलंय. आन् किती?"

"हरभऱ्याएवढं."

"एक हरभरा?"

रामहरीनं टॉवेलाची घडी घालायला घेतली.

"किती हरभरं?"

"...चार," रामहरी म्हणाला. मग खरं बोलायचंच ठरलं होतं म्हणून जोडलं, "भिजवलेले."

"पंधरा दिस बंद. मग रातच्याला एकदा, एकच हरभरा. वाळल्याला."

"हो," रामहरी म्हणाला. तो संसारातला पहिला 'हो'. बस्ता पुढं सुरळीत झाला आणि कोंडीबांनी आनंदाच्या भरात एक लुगडं जास्तच घेतलं.

वच्छलेचं ऐकलं आणि औषधानं खरंच गुण दिला. वैशाखापर्यंत आग गेली, सालं गेली, आणि बाजरी बरीचशी वेचली गेली. लग्नात रामहरी हनुवटी वर करूनच उभा होता. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट खाली आला. रामहरीनं गाल जरा उजेडाकडं केले. वच्छलेनं खाली बघतच हार घातला.

लाजली असेल, असं त्यानं धरलं. पण चार दिवसांनी, दुपारी जेवण झाल्यावर, त्याला राहवेना.

"वच्छला, खरं सांग. साखरपुड्यातलं माझं तोंड आणि आत्ताचं. किती फरक पडला?"

वच्छला पानाला चुना लावत होती. "साखरपुड्यातलं मला काय म्हाईत?"

"म्हणजे?"

"मान वर करायची न्हाय म्हनून आत्यानं बजावलं होतं. तुमी बघायला आला तवाबी, साखरपुड्यालाबी. बस्त्यात कागद वाचत होते. तुमचं तोंड धड बघितलं ते लगीन झाल्यावरच."

रामहरीच्या हातातली सुपारी खाली पडली. "मग तू होकार कशावर दिलास?"

"मान खाली घातल्यावर काय दिसतंय? पाय," वच्छला म्हणाली आणि विडा त्याच्या हातात ठेवला. "तितं काय तरी लावायला पायजे होतं बगा. टाचा लई फुटल्यात."