दादाजी गजभिये यांची हयात

माणूस जिवंत आहे की नाही हे ठरवण्याचं काम पूर्वी फार ढिलेपणानं चालत असे. तो समोर आला, चहा मागितला, शेजाऱ्याशी नळावरून भांडला, की लोक त्याला जिवंत समजत. (आतल्या खोलीतून नुसता खोकला ऐकू आला तरी हयात मान्य होत असे.) परिचयांक आल्यापासून हा अंधार संपला. आता प्रत्येक नागरिकाला एक आकडा आहे, आकड्यामागे त्याच्या बोटांचे ठसे आहेत, आणि काचेवर बोट टेकवलं की यंत्र क्षणात सांगतं की हा माणूस तोच आहे. इतकी खात्री माणसाला स्वतःबद्दल क्वचितच असते.

नागपुरात नंदनवनला राहणारे दादाजी गजभिये या व्यवस्थेचे निस्सीम चाहते होते. उमरेडकडच्या एका कोळसा खाणीत त्यांनी उभी नोकरी हजेरीच्या खिडकीत काढली होती. भावाच्या जागी भाऊ आणि जावयाच्या जागी सासरा अशी हजेरी लावणारे लोक पाहून त्यांचा मनुष्यजातीवरचा विश्वास उडाला होता. निवृत्तीनंतर तो यंत्रावर बसला. "मशीन खोटं नाही बोलत गा," असं ते पानठेल्यावर रोज कुणाला ना कुणाला सांगत.

पानठेल्यावर सांगत, कारण घरी सांगायला कुणी नव्हतं. म्हणजे पत्नी शामलाबाई होत्या, पण त्या काही वर्षांपासून दादाजींशी बोलत नव्हत्या. अबोला अत्यंत शिस्तीचा होता. जेवण वेळेवर मिळे, कपडे धुऊन मिळत, औषधाची आठवणही होई. फक्त सगळ्या सूचना फ्रिजला उद्देशून दिल्या जात. "कोनाले भाजी आनाची असन तं पिशवी दारामागं हाय," असं शामलाबाई फ्रिजला सांगत. दादाजी आपलं म्हणणं पंख्याकडे मांडत. (दोन्ही उपकरणं निःपक्षपाती होती.) अबोल्याचं कारण दादाजींना नीट माहीत होतं, म्हणून ते त्यावर विचार करत नसत.

परिचयांकाचं शिबिर भरलं वस्तीच्या समाजभवनात. एका टेबलावर सगळ्यांची नावं आणि फोटो घेतले गेले. मग नावं पुकारून एकेकाला दुसऱ्या टेबलावर बोटांसाठी बोलावण्यात येऊ लागलं. दादाजी आणि शामलाबाई दोन टोकांच्या खुर्च्यांवर बसले होते. पुकारा झाला, "शामला दादाजी गजभिये."

विवाहित बाईच्या नावाचा दोनतृतीयांश भाग तिच्या नवऱ्याचा असतो. दादाजींना तेवढा भाग स्पष्ट ऐकू आला. ते उठले, टेबलाशी गेले आणि दहाही बोटं देऊन आले. ऑपरेटरनं मान वर केली नाही, कारण त्याला पडद्याकडे बघण्याचा पगार होता. पुढचा पुकारा "दादाजी सोमाजी गजभिये" असा झाला तेव्हा घरातलं एकच माणूस उरलं होतं. शामलाबाई गेल्या आणि बोटं देऊन आल्या.

यंत्रानं नंतर देशभरच्या बोटांशी या वीस बोटांची तुलना केली. एकही बोट दुसऱ्यांदा आलेलं नव्हतं. नोंद निर्दोष ठरली. निर्दोष ती होतीच.

नोव्हेंबर उजाडला. पेन्शनधारकांसाठी हा फार गंभीर महिना. या महिन्यात बँकेत जाऊन हयातीचा दाखला द्यावा लागतो, म्हणजे आपण अजून मेलेलो नाही हे मशीनला पटवावं लागतं. दादाजी इस्त्रीचा शर्ट घालून गेले. खिडकीत प्रीती नावाची हसतमुख मुलगी होती. दादाजींनी अंगठा टेकवला. यंत्र लाल झालं.

"काका, मॅच नाही होऊन राहिलं."

रांगेतल्या अनुभवी लोकांनी उपाय सुचवले. अंगठा पँटला पुसा. लिंबू चोळा. थुंकी लावा. हळू दाबा. जोरात दाबा. मशीनकडे न बघता दाबा. दादाजींनी थुंकी सोडून सगळं केलं, आणि मग थुंकीही लावली.

"काका," प्रीती शेवटी म्हणाली, "हा अंगठा तुमचा नाही."

दादाजींनी अंगठा उलटसुलट करून पाहिला. त्यावर खाणीच्या फाटकात बोट चेपल्याचा जुना व्रण होता. अंगठा ओळखीचा वाटत होता.

"मंग कोनाचा हाय?"

"ते आमाले नाही दिसत. परिचय केंद्रात विचारा."

"पन मी तं जिवंत आहो ना."

"मले दिसून राहिलं काका," प्रीती म्हणाली. "पन मले दिसून चालत नाही."

परिचय केंद्रात रोहित नावाचे तरुण अधिकारी होते. केंद्रात तक्रारी शून्य असल्याचं प्रमाणपत्र त्यांच्या डोक्यामागं लटकत होतं. (तक्रार नोंदवण्यासाठी अंगठा जुळावा लागे.) त्यांनी दादाजींचं बोट तपासलं आणि पडदा वाचून म्हणाले, "अंगठा उत्तम आहे. फक्त शामला दादाजी गजभिये, स्त्री, यांचा आहे. तुमच्या कोण?"

दादाजींनी सवयीनं वर पंख्याकडे पाहिलं. "मिसेस."

"मग काळजीच नाही. तुमच्या आकड्यामागं त्यांचा अंगठा असणार. त्यांना बँकेत घेऊन जा. त्यांनी अंगठा लावला की तुम्ही जिवंत."

"तिले न नेता काही नाही होत का?"

"होतं ना. काहीच करायचं नाही," रोहित म्हणाले. "मग महिनाअखेरीस तुम्ही आपोआप वारता."

दादाजी घरी आले. शामलाबाई वाल सोलत बसल्या होत्या. दादाजींनी पंखा लावला आणि त्याच्याकडे तोंड करून म्हणाले, "कोनाले उद्या सकाळी वेळ असन, तं बँकेत जाऊन येता आलं असतं."

"ज्याचं काम असन," शामलाबाईंनी फ्रिजला सांगितलं, "त्यानं मानसाशी बोलावं."

पंखा फिरत राहिला. दादाजींनी तो बंद केला.

"शामला," ते म्हणाले. हाक इतक्या दिवसांनी मारली होती की मध्येच आवाज फाटला. मग त्यांनी सगळं सांगितलं, लिंबापासून महिनाअखेरीपर्यंत.

"मले मालूम हाय," शामलाबाई म्हणाल्या. "माह्या नावाचा पुकारा झाला अन् तुमी उठून गेले. मी पाहूनच राहिली होती."

"मंग बोलली काहून नाही वं?"

"काहून बोलू? माह्या नावानं तुमी काही करून टाकलं, अशी काय ती पयली वेळ होती?"

पहिली नव्हती. लग्नानंतर काही वर्षांनी शामलाबाईंची काटोलच्या शिवणवर्गात शिक्षिका म्हणून निवड झाली होती. पोस्टमनकडून ते पत्र दादाजींनी घेतलं. रोज बसनं काटोल, घरी दोन लेकरं, वर शेजारीपाजारी काय म्हणतील, असा सर्व बाजूंनी त्यांनी एकट्यानंच विचार केला आणि उलट टपालानं कळवलं की घरगुती अडचणीमुळे मी रुजू होऊ शकत नाही. खाली शामलाबाईंची सही केली. सही झकास आली होती. आपली निवडच झाली नाही असं समजून शामलाबाईंनी पुढची सगळी वर्षं शेजारणींचे ब्लाऊज शिवण्यात काढली. खरं काय ते एका लग्नात कळलं. जेवणाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या गोपिकाबाई त्या वर्गावर काम केलेल्या निघाल्या. "तुमीच का त्या, नोकरी नाही म्हननाऱ्या?" त्यांनी कौतुकानं विचारलं होतं. शामलाबाईंनी त्या दिवशी घास खाली ठेवला, आणि बोलणंही.

"आता काहून आले मले विचाराले?" त्या म्हणाल्या. "मारून टाका ना माह्या नावानं अंगठा. सही मारली होती तशी."

"अंगठा नाही मारता येत वं," दादाजी म्हणाले.

तंत्रज्ञानाची महती इथं दिसते. सहीच्या काळात नवऱ्याला जे बसल्या जागी जमत असे, त्यासाठी आता बायकोला विचारावं लागतं. व्यवस्थेच्या उद्दिष्टांत हे कुठंही लिहिलेलं नाही, त्यामुळे त्याचं श्रेय कुणी घेतलेलं नाही.

"चुकलंच ते," दादाजी म्हणाले. "तवाबी चुकलं, अन् तुले कळल्यावर मी गप बसलो, तेबी."

शामलाबाईंनी वालाच्या शेंगा संपवल्या आणि आत गेल्या. दादाजींना रात्री झोप लागली नाही. सकाळी बघतात तर त्या ठेवणीतलं लुगडं नेसून, पर्स घेऊन दारात उभ्या.

बँकेत शामलाबाईंनी अंगठा टेकवला आणि यंत्र हिरवं झालं. दादाजी सोमाजी गजभिये हयात असल्याचा कागद बाहेर आला. त्या ऐतिहासिक क्षणी दादाजींना चौकीदारानं बाजूला उभं केलं होतं, कारण खिडकीशी फक्त संबंधित व्यक्तीनं थांबायचं होतं.

मग दोघं दुरुस्तीसाठी परिचय केंद्रात गेले. रोहित यांनी नियम समजावून सांगितला. दादाजींच्या आकड्यामागं त्यांची खरी बोटं घालायची, तर ती बोटं आधीच शामलाबाईंच्या नावावर असल्यामुळे यंत्र ती नाकारील. ती तिथून काढायची, तर शामलाबाईंना दुसरी बोटं द्यावी लागतील, आणि ती दादाजींच्या नावावर आहेत. "म्हणजे दोघांपैकी एकाला काही महिने बिनबोटाचं व्हावं लागेल," रोहित म्हणाले.

"बिनबोटाचं म्हंजे?"

"म्हणजे तेवढे महिने नसायचं."

दादाजींनी खाली पाहिलं. "मी नसतो," ते म्हणाले. "लिहा माह्या नावानं."

शामलाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. पंगतीतल्या त्या दिवसानंतर असं त्यांनी पाहिलं नव्हतं.

"तुमाले नाही जमनार," त्या म्हणाल्या. "मी लय वरसं करून पाह्यलं हाय. त्याले सवय लागते. चाला घरी."

दुरुस्ती राहिली. शामलाबाईंनी मात्र त्याच महिन्यात काटोलच्या एका महिला संस्थेत अर्ज केला. संस्थेला आठवड्यातून दोन दिवस शिवणकाम शिकवायला अनुभवी बाई हवी होती, वयाची अट नव्हती. निवड झाली. पत्र या वेळी शामलाबाईंनी स्वतः घेतलं. हजेरी अंगठ्यावर होती.

अशा रीतीनं दादाजी गजभिये पत्नीच्या नोकरीवर रुजू झाले. सकाळी बसनं काटोल. संत्र्यांच्या पेट्यांनी भरलेल्या गाड्या ओलांडून संस्थेच्या दारात पोचायचं, शामलाबाईंच्या नावानं अंगठा लावायचा आणि सुटेपर्यंत मागच्या बाकावर बसायचं, कारण जातानाही अंगठा लागे. ज्या माणसानं दुसऱ्याच्या नावानं हजेरी लावणाऱ्यांना जन्मभर पकडलं, त्याचा अंगठा आता इमानेइतबारे तेच करू लागला. यंत्राची काही हरकत नव्हती.

नुसतं बसून कंटाळा येई म्हणून दादाजी तुरपाई शिकले. मग काजं. एकदा शामलाबाईंना ताप आला तेव्हा ते एकटेच गेले. यंत्रानं शामला दादाजी गजभिये उपस्थित असल्याचं जाहीर केलं, आणि वर्गातल्या बायकांनी यंत्राचा मान राखून दादाजींकडून काजं शिकून घेतली. शामलाबाई दुसऱ्या आठवड्यात आल्या तेव्हा एकही काज सरळ नव्हतं. त्यांनी सगळी उसवली. "असं शिकवलं मी?" त्या म्हणाल्या, आणि बसनं परत येताना नागपूर येईस्तोवर मध्येच आठवून हसत राहिल्या. दादाजी खिडकीबाहेर बघत होते. त्यांनाही हसू येत होतं, पण ते वरिष्ठांसमोर दाबण्याची त्यांना सवय होती.

वस्तीत बातमी पसरली. शेजारच्या यमुताई नवऱ्याला घेऊन परिचय केंद्रात गेल्या आणि आमचेही अंगठे बदलून मिळतील का, अशी चौकशी करून आल्या. नवरा लायब्ररीचं कार्ड विसरलो म्हणून मध्येच निघून गेला. (वस्तीत लायब्ररी नाही.)

पुढं सरकारदरबारी प्रगती झाली. दोन नोंदींची बोटं एकाच वेळी अदलाबदल करण्याची सोय निघाली, तीही मोफत. रोहित यांनी स्वतः फोन करून दोघांना बोलावलं. दोन यंत्रं शेजारी शेजारी मांडलेली होती. "फक्त एकदम बोटं टेकवा," ते म्हणाले, "की तुम्ही तुम्ही, आणि काकू काकू."

दादाजींनी शामलाबाईंकडे पाहिलं. शामलाबाईंनी विचारलं, "कराच लागते का हे?"

"ऐच्छिक आहे," रोहित म्हणाले. शासकीय व्यवहारात हा शब्द आपल्या खऱ्या अर्थानं वापरला जाण्याची ही दुर्मीळ वेळ होती.

"मंग राहू द्या," दादाजी म्हणाले. दोघं बाहेर आले, टपरीवर तर्री-पोहे खाल्ले, आणि तर्री जास्त तिखट होती की कमी यावरून घरापर्यंत भांडत गेले.

केंद्राच्या कागदपत्रांत या घराची नोंद आजही 'सदोष' अशी आहे. सुज्ञ वाचकांचं तसं नाही. तुमचा अंगठा पहिल्या झटक्यात जुळतो. बँक, रेशन, मोबाइल, सगळी कामं तुमची तुम्हाला एकट्यानं उरकता येतात, आणि त्यासाठी घरातल्या कुणाला काही विचारावं लागत नाही. शेवटचं कधी विचारलं होतं, तेही आठवत नसेल. तुमची नोंद निर्दोष आहे. अभिनंदन.