पुंडलिकबाबांचा भाटकार

पुंडलिकबाब कुणाच्याही अंगणात शिरले की नमस्कार करायच्या आधी तिथलं एखादं झाड बुंध्याशी धरून ओढून बघत. आम्ही साखळीत राहायला आलो त्याच आठवड्यात त्यांनी माझ्या बायकोची शेवंती ओढली. ती मुळासकट हातात आली. त्यांनी ती परत खोचली, भोवतीची माती अंगठ्याने दाबली आणि खिन्नपणे म्हणाले, "कामाक येवची ना." एवढं बोलून ते कुंपणापलीकडे निघून गेले. मी शाळामास्तर, आम्ही गडहिंग्लजकडची माणसं. आम्हाला वाटलं, इकडे नव्या भाडेकरूची अशीच विचारपूस करत असावेत.

पुढे कारण कळलं. पुंडलिकबाबांच्या पुढच्या खोलीत काचेची मोठी टाकी होती आणि टाकीत एकच मासा होता. वीतभर लांब, काळा, अंगावर निखाऱ्यासारखे लाल डाग. दुकानदाराच्या भाषेत ऑस्कर, पण पुंडलिकबाब त्याला भाटकार म्हणत. भाटकार म्हणजे जमीनदार. त्याच्या जमिनीवर घर बांधून राहतो तो मुंडकार, आणि गोव्यात कायद्याने त्याला हुसकता येत नाही. पुंडलिकबाब टाकीत जे झाड लावत, त्याच्या मुळाशी हा मासा तोंडाने खडी उकरायचा, तोंडात भरून काचेवर थुंकायचा, आणि दुपारपर्यंत झाड पाण्यावर तरंगायला लागायचं. मग ते ओलं झाड हातात घेऊन पुंडलिकबाब आमच्या पायरीवर येऊन बसत. "मास्तर, आनीक एक मुंडकार भायर काडलो. कायदो आसा, पूण भाटकाराक सांगतलो कोण?"

साखळी-पणजी बसवर त्यांनी उभा जन्म कंडक्टरकी केली होती. बायको लवकर गेली. निवृत्त झाल्यापासून एवढं एकच काम त्यांनी मांडलं होतं: या माशाबरोबर टिकेल असं जिवंत झाड शोधायचं. ओळखीचे ड्रायव्हर-कंडक्टर सगळ्या रस्त्यांवर होते, त्यामुळे झाडं बसमधून यायची. नार्व्याहून नदीकाठचं लांब पात्यांचं गवत आलं. एका देवळाच्या तळीतली कमळाची वेल आली. डोंगरातल्या व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, खडकाला चिकटून वाढलेलं एक रुंद पानांचं झुडूप त्यांनी गुडघे फोडून घेत स्वतः आणलं. गवत भाटकाराने चघळलं, वेल उपटली, आणि ते झुडूप लावताना त्याने पुंडलिकबाबांचं बोट धरलं. ते सुजलेलं बोट त्यांनी मला दाखवलं, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. हा जिंकणार हे त्यांना ठाऊक होतं, एवढंच.

एकदा मी त्यांच्याबरोबर म्हापशाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने सांगितलं की हे सिक्लिड जातीचे मासे सगळेच असे. उकरणार, भांडणार. तुमची काळुंदरं खाता ना, तीही यांच्याच गोतातली. याच्याबरोबर प्लॅस्टिकचं झाड लावा आणि मोकळे व्हा. पुंडलिकबाबांनी पुढ्यातलं प्लॅस्टिकचं झाड बोटाने मागे सारलं. मग म्हणाले, "म्हज्या घरांत प्लॅस्टिकाचें झाड? हांव जितो आसां मरे अजून." त्या दिवसापासून त्यांनी काळुंदर खाणं सोडलं. गोव्याच्या माणसाने काळुंदर सोडायचं म्हणजे काय, हे मला माझ्या शाळेतल्या सहकाऱ्यांचे चेहरे बघून कळलं.

त्यांच्या घरी फोन नव्हता. दर आयतारी, म्हणजे रविवारी, सकाळी दहाला त्यांची मुलगी शैला बेळगावहून आमच्याकडे फोन करायची. पुंडलिकबाब साडेनऊलाच धुतलेला शर्ट घालून येत आणि फोनशेजारी ताठ बसून राहत. घंटा वाजली की आम्ही दोघं मागच्या अंगणात जायचो. बापलेकीच्या बोलण्यात आपण कशाला, असं वाटायचं.

एका रविवारी मी तापाने त्याच खोलीत पडून होतो. उठवलं नाही कुणी. पुंडलिकबाबांनी फोन घेतला आणि पहिलंच वाक्य बोलले, "परत उपटलें ताणें." मग खडी किती जाड ठेवली, पाणी कधी बदललं, कुठलं पान कुरतडलं, हे सगळं सांगून झालं. तिकडून शैला काहीतरी सुचवत होती. ते होय, होय म्हणत होते. तिची तब्येत, तिचा नवरा, तिचं घर, यातलं एक अक्षर त्यांनी विचारलं नाही. पाच मिनिटांनी, "बरें तर," म्हणून फोन ठेवला आणि थोडा वेळ त्या फोनवर हात ठेवून बसले.

मी जागा आहे हे पाहून ते ओशाळले. मी म्हटलं, पोरीला जरा खुशाली तरी विचारायची. तेव्हा त्यांनी सांगितलं. शैला पेडण्याला मावशीकडे राहून तुयेच्या एका कारखान्यात पॅकिंगला जायची. पहिला पगार झाला तेव्हा तिनेच ही टाकी आणि बोटभर लांबीची चार पिल्लं आणली होती. हिरवीगार झाडंही तिनेच लावली होती. एका पिल्लाने बाकीची तीन संपवली, तोच हा भाटकार. पुढे कारखान्यातल्याच बेळगावकडच्या मुलाशी तिने लग्न ठरवलं. त्याला घेऊन ती घरी आली, तेव्हा यांनी दार लावून घेतलं. ती दोघं बाहेर पायरीवर बराच वेळ उभी होती, हे यांनी फटीतून पाहिलं होतं.

"दोन वर्सां उलोवप ना," ते म्हणाले. "मागीर एक दीस तुमच्या फोनार तिणें विचारलें, बाबा, मासो जितो आसा? मास्तर, ताचेभायर म्हाका तिचेकडेन उलोवंक येना."

मी म्हटलं, माशाशिवाय तिच्याशी दुसरं काही बोलता येत नसेल, तर तिला घरीच बोलवा. ते म्हणाले, "खंयच्या तोंडान?"

पुढच्याच आठवड्यात बसमधून एक डबा आला. बेळगावच्या दुकानात चौकशी करून शैलाने झाड पाठवलं होतं: जाड, गडद, चामड्यासारखी पानं, दोऱ्याने दगडाला बांधलेलं. अनुबियास असं नाव होतं. चिठ्ठीत लिहिलं होतं की हे असंच दगडासकट ठेवायचं, मातीत पुरायचं नाही. पुंडलिकबाबांना ते पटेना. झाडाला माती द्यायची नाही म्हणजे काय? त्यांनी दोरा कापला आणि झाड खडीत खोल पुरलं. पंधरा दिवसांत त्याचा आडवा जाड कंद कुजून काळा पडला. या वेळी भाटकाराने काहीच केलं नव्हतं, आणि त्याचंच त्यांना जास्त लागलं. त्या रविवारी फोनवर त्यांनी दोरा कापल्याची कबुली दिली. शैलाने दुसरं पाठवलं.

ते टिकलं. माशाने दगडाला चार दिवस धडका दिल्या, एक पान चावून थुंकून दिलं आणि नाद सोडला. त्या पानांमागे तो दुपारचा पडून राहायला लागला. पुंडलिकबाबांनी मला हाताला धरून नेऊन ते दाखवलं. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली होती. शैला येईल असं त्यांना वाटत होतं. त्यांनी गणपतीच्या जागेवर फळापानांची माटोळी बांधली, टाकीची काच आतून-बाहेरून पुसली. पण "ये" हा शब्द काही त्यांनी फोनवर उच्चारला नाही, आणि ती आली नाही.

दिवाळीनंतर एका सकाळी ते कुंपणाशी येऊन उभे राहिले. मला म्हणाले, "मास्तर, भाटकार गेलो." आम्ही दोघांनी तो त्यांच्या माडाच्या आळ्यात पुरला. खड्डा त्यांनीच खणला, जरुरीपेक्षा बराच खोल.

टाकी त्यांनी मोडली नाही. आता उकरणारं कुणी नव्हतं. बसमधून आलेलं जे जे त्यांनी लावलं, ते सगळं लागलं. दोन महिन्यांत टाकी इतकी हिरवी झाली की पलीकडची भिंत दिसेना. पुंडलिकबाब तिच्यासमोर खुर्ची टाकून बसत.

मासा गेला त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी मात्र ते नेहमीसारखे साडेनऊला आले होते. मला वाटलं, आज पोरीला सांगावं लागणार, आधार हवा म्हणून मी खोलीतच थांबलो. घंटा वाजली. त्यांनी फोन कानाला लावला, माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली.

"होय गे, मासो बरो आसा," ते म्हणाले. "काल परत उपटलें ताणें. आतां कितें लावूं, तूं सांग."

शैला एक नाव सांगत होती. ते त्यांनी तीनदा विचारून घेतलं आणि मला खुणेने लिहायला सांगितलं. मी कॅलेंडरचं जुनं पान फाडून त्याच्या मागे लिहिलं. फोन ठेवून त्यांनी तो कागद नीट घडी करून खिशात घातला.

"कशें लावचें तें दुकानांत विचारून फुडल्या आयतारा सांगतां म्हणाली," ते म्हणाले, आणि चपला घालायला लागले.