आल्याची बिअर आणि खैरूभाईंचे पाहुणे

या उन्हाळ्यात घरी बिअर बनवायचीच, असं चंद्रहास खानोलकरनं ठरवलं आणि तो उन्हाळा यूएईमधल्या फुजैरा शहरातल्या त्याच्या चारमजली बिल्डिंगला कायमचा लक्षात राहिला.

चंद्रहास तेलाच्या टर्मिनलवर सेफ्टी ऑफिसर. "लाखो लिटर तेल सांभाळतो मी," त्यानं बायकोला ऐकवलं. "आठ बाटल्या म्हणजे काय!"

"आधी तिघांची परतीची तिकिटं काढा," सविता म्हणाली, "मग बिअर काढा. हे दुबईतलं हॉटेल नाहीये, आपलं घर आहे. पोलीस आले तर व्हिसा खलास."

दोन दिवस घरात चर्चा चालली आणि शेवटी तह झाला. खऱ्या बिअरऐवजी जिंजर बिअर. आलं, लिंबू, साखर आणि फेस यायला चिमूटभर यीस्ट. नावाला बिअर, पोटाला सरबत. चंद्रहासनं मोठ्या मनानं ते मान्य केलं. पोहायला शिकणारा आधी विहिरीच्या पायरीवरच बसतो, असं त्यानं स्वतःला समजावलं.

कृती सोपी होती. मिश्रण बाटल्यांत भरायचं, झाकणं घट्ट लावायची, दोन दिवस बाहेर ठेवायचं आणि लगेच फ्रिजमध्ये टाकायचं. चंद्रहासनं पातेलं उकळलं, बाटल्या भरल्या आणि गॅसशेजारच्या कपाटात रांगेनं उभ्या केल्या. रोज सकाळी तो कपाट उघडून त्यांच्याकडे असा बघायचा, की दवाखान्यात पाळण्यापुढे उभे असलेले बाप त्याच्यापुढे फिके पडावेत. तिसऱ्या दिवशी फ्रिज उघडला तर आत सविताची सुरमई आणि शेजाऱ्यांच्या शिरखुर्म्याचं भलंमोठं पातेलं. जागाच नव्हती. राहू दे, त्याला वाटलं, जितकी मुरेल तितकी रंगेल.

शिरखुर्मा शेजारच्या खैरुद्दीनभाईंचा होता. मूळचे रत्नागिरीचे, इथे मसाल्याचा व्यापार. त्यांच्या हुमेराला बघायला शुक्रवारी शारजातल्या अल नहदाहून पाहुणे येणार होते. खैरूभाई आठवडाभर नीट जेवले नव्हते. "चंदूभाऊ, तुम्ही पाहिजेच," ते म्हणाले होते. "माझ्या तोंडून शब्द नाय फुटत. तुम्ही बोलत राहा."

शुक्रवारी दुपारी मुलगा तहा, त्याचे वडील शौकतभाई, आई आणि ऐंशीच्या घरातली नानी असे सगळे खैरूभाईंच्या हॉलमध्ये बसले. तहा गालिचाकडे बघत होता, हुमेरा चहाच्या ट्रेकडे. सविता आणि मुलगी गिरिजासह आलेला चंद्रहास टर्मिनलच्या गोष्टी सांगत होता. खैरूभाईंच्या बायकोनं, साजिदाभाभींनी, सांदणांचं ताट आणलं आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला.

धडाम!

कपबशा थरथरल्या. मागोमाग दुसरा आवाज आला.

बारा वर्षं चंद्रहास ज्या क्षणाची ड्रिल घेत आला होता, तो क्षण आला होता. तो ताडकन उठला. "गॅस! कुणी लिफ्ट वापरायची नाही. जिन्यानं खाली, यल्ला, चला!" त्यानं जिन्यातल्या फायर अलार्मची काच फोडली, मजल्यामजल्यावरची दारं ठोठावली, नानींना खुर्चीसकट उचलायला शौकतभाईंना हाताशी घेतलं. चार मिनिटांत सगळी बिल्डिंग पार्किंगमध्ये. त्रेचाळीस माणसं, एक मांजर आणि नानींच्या मांडीवर सांदणांचं ताट. ऊन असं, की गाडीच्या बॉनेटवर घावन भाजावं.

"सगळे सुखरूप आहेत," चंद्रहासनं मोजणी करून जाहीर केलं. शौकतभाई त्याचा हात हातात घेऊन म्हणाले, "तुम्ही होता म्हणून वाचलो, भाई."

त्याच वेळी वरून तिसरा आवाज आला. तिसऱ्या मजल्यावरच्या एका खिडकीच्या काचेवर आतून पिवळट फेस उडाला आणि सावकाश खाली ओघळू लागला.

सविता वर बघत राहिली. "अहो," ती हळूच म्हणाली, "ती आपली खिडकी आहे. बाटल्या फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या ना?"

चंद्रहास मांजराकडे बघू लागला.

"कसल्या बाटल्या?" शौकतभाईंनी विचारलं.

"पप्पाज बिअर," नऊ वर्षांची गिरिजा म्हणाली. "ही मेड इट हिमसेल्फ."

शौकतभाईंनी हात सोडला. खैरूभाईंनी डोळे मिटले. त्यांना बिचाऱ्यांना मुलीचं ठरत आलेलं लग्न त्या फेसाबरोबर काचेवरून ओघळताना दिसत असावं. हे चंद्रहासला कळलं आणि तो पुढे झाला.

"आल्याची आहे," तो घाईघाईनं म्हणाला. "आलं, लिंबू, साखर आणि यीस्ट. बंद बाटलीत गॅस साठला. खैरूभाईंना यातलं काहीच माहीत नाही. चूक सगळी माझी. बाटल्या मी फोडल्या... म्हणजे, त्या फुटल्या."

तेवढ्यात नानींच्या खुर्चीतून खुळखुळ असा आवाज येऊ लागला. त्या हसत होत्या. पदरानं डोळे पुसत त्यांनी कोपऱ्यातल्या शेडखाली बोट दाखवलं. तिथे हुमेरा आणि तहा उभे होते. ती हातवारे करून काहीतरी सांगत होती, तो पोट धरून हसत होता. वरच्या हॉलमध्ये तासभरात दोघांनी मिळून तीन शब्द उच्चारले असतील.

"वर तुम्ही लोक बोलू देत नव्हता," नानी म्हणाल्या. "आता या बाबाला बोलून काय करता? पोरांना इचारा."

पोरांना विचारलं. पोरं लाजली.

उरलेल्या पाच बाटल्या चंद्रहासनं हेल्मेट घालून, एकेक करत, वाळूत नेऊन रिकाम्या केल्या. बिल्डिंगमधली सगळी मुलं लांबून टाळ्या वाजवत होती. छत पुसायला दोन दिवस गेले. आल्याचा वास अजून गेलेला नाही.

महिन्याभरानं खैरूभाई निकाहची पत्रिका घेऊन आले. चंद्रहासला कडकडून मिठी मारली, सविताला म्हणाले, "वहिनी, तुम्ही दोघांनी सगळ्यात आधी यायचं. घरचं कार्य आहे."

"अहो, येणारच," चंद्रहास गहिवरून म्हणाला. "काय मदत करू, सांगा."

खैरूभाईंनी थोडा विचार केला.

"रिकाम्या हातानं या," ते म्हणाले.